शरीराशी वैर नको, शिस्त हवी



येत्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावली जाईल आणि प्रायश्चित्तकाळाला सुरुवात होईल. दरवर्षी या सुमारास कुणी ना कुणी हसत हसत म्हणतेच, "फादर, या चाळीस दिवसांत उपवासही होईल आणि वजनही उतरेल!" कुणी हे गमतीने म्हणतो, कुणी खरोखरच तसा बेत करतो. भात बंद, रात्री फक्त लिंबूपाणी आणि ईस्टरपर्यंत दहा किलो कमी! ज्या घरात ईस्टरनंतर मुलीचे लग्न ठरलेले असते, त्या घरात तर हा बेत हमखास असतो. म्हणून उपवासाचे दिवस सुरू होण्यापूर्वीच या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. वजन कमी करण्याची इच्छा चुकीची नाही. आपले जीवन आणि आरोग्य ही परमेश्वराने दिलेली मौल्यवान देणगी आहे आणि तिची योग्य काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, याची आठवण संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती बांधवांना करून दिली. मंदिराची डागडुजी करणे ही भक्तीच आहे. पण डागडुजीच्या नावाखाली मंदिराचे खांबच काढून टाकले तर काय होईल?

खाणे तेच राहिले, कष्ट गेले

आपल्या वसईतील आजी-आजोबांचे जीवन आठवून पाहा. पहाटे उठून वाडीला पाणी द्यायचे, केळी-भाजीच्या टोपल्या डोक्यावर वाहायच्या, मिस्सेलाही पायीच जायचे. भात, मासळी आणि तांदळाची भाकरी त्यांच्या अंगी लागत असे, कारण अंग दिवसभर राबत असे. आज आपण विरार लोकलने कामाला जातो, आठ-दहा तास खुर्चीत बसतो आणि स्टेशनवरून रिक्षाने घरी येतो. ताटातला भाताचा डोंगर मात्र तेवढाच आहे. त्यात साखरपुडा, लग्न, बाप्तिस्मा, वाढदिवस यांची बिर्याणी आणि आइस्क्रीम वेगळे!

याचा परिणाम साऱ्या देशात दिसतो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्या धर्मग्रामातही असे घर शोधावे लागेल, जिथे फ्रिजवर शुगरच्या किंवा प्रेशरच्या गोळ्यांचे पाकीट नाही. पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेलेल्या माणसाच्या शवपेटीजवळ त्याची शाळकरी मुले उभी असतात, तेव्हा वजनाचा प्रश्न हा फक्त आरशाचा प्रश्न नाही हे लक्षात येते.

आपले वजन जास्त आहे की नाही, हे शेजारणीच्या शेऱ्यावरून ठरवू नका. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. आपल्या भारतीयांसाठी हा आकडा 23 च्या वर गेला की वजन जास्त आणि 25 च्या वर गेला की लठ्ठपणा, असे डॉक्टर मानतात. म्हणजे पाच फूट तीन इंच (160 सेंटिमीटर) उंचीच्या व्यक्तीचे वजन साधारण 59 किलोपर्यंत ठीक, 64 च्या पुढे धोका. कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांचा 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा.

उपाशी मारल्याने काय होते?

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणारे 36 तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. त्यांच्यातील बरेच जण शांततावादी ख्रिस्ती पंथांचे होते. युरोपातील उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे शिकण्यासाठी त्यांनी आपले शरीर देऊ केले. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश उतरले. पण त्याबरोबर त्यांची ताकद गेली, सतत थंडी वाजू लागली, ते चिडचिडे व उदास झाले. दिवसरात्र त्यांच्या डोक्यात अन्नाचाच विचार असे. कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत! पुढे जेवण मोकळे झाल्यावर अनेकांना कितीही खाल्ले तरी समाधान होईना.

झटपट वजन उतरवणाऱ्यांची हीच कथा आहे. सुरुवातीला काट्यावर जे कमी दिसते त्यात बराच भाग पाण्याचा असतो. नंतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दुष्काळ पडला असे समजून शरीर ऊर्जा जपून वापरू लागते आणि भूक वाढवते. वजन फार वेगाने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही असतो. मग ईस्टरच्या दिवशी उपवास सुटतो आणि जूनपर्यंत सगळे किलो परत येतात.

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. औषध घेऊन जेवण चुकवले तर रक्तातील साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. ख्रिस्तसभा अशा उपवासाची सक्ती करीत नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपवासाचा नियम आहे, तो 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंतच्या व्यक्तींना लागू आहे आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन अल्प आहार घेता येतात. आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना सूट आहे. ही सूट संकोच न बाळगता घ्यावी. तो भक्तीतला कमीपणा नव्हे.

संतांनी काय शिकवले?

लोयोलाच्या संत इग्नेशियसने मनपरिवर्तनानंतर मान्रेसा येथे इतके कडक उपवास केले की त्याची प्रकृती ढासळली. तोच इग्नेशियस 1548 साली फ्रान्सिस बोर्जिया यांना पत्र लिहून सांगतो की, उपवास कमी करा, पोट बळकट करा, शरीर आत्म्याला साथ देत असेल तर त्यावर प्रेम करा. असिसीचा संत फ्रान्सिस आपल्या देहाला 'गाढवभाऊ' म्हणत असे. आयुष्याच्या अखेरीस मात्र, आपण या भावाचे फार हाल केले अशी कबुली त्याने दिली. आपण कोणाची नक्कल करावी? तरुणपणीच्या अतिरेकाची, की अनुभवाने आलेल्या शहाणपणाची?

एलिया संदेष्ट्याची कथा तुम्हाला ठाऊक आहे. थकून, निराश होऊन तो झुडपाखाली झोपला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दिले. तो जेवला, झोपला, पुन्हा जेवला आणि त्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस चालत देवाच्या डोंगरापर्यंत पोहोचला. त्याच्या चाळीस दिवसांची सुरुवात जेवणाने आणि विश्रांतीने झाली!

मग किती खावे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण वाचले होते. दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून सगळ्यांना सहा माप द्यावे असे नाही. तेवढे अन्न मिलो नावाच्या पहिलवानाला कमी पडेल आणि व्यायामाला नुकती सुरुवात करणाऱ्याला जास्त होईल. म्हणजे ज्याचे त्याचे माप वेगळे असते आणि ते विवेकाने ठरवावे लागते. शेजाऱ्याच्या डाएटचा कागद आपल्या भिंतीवर चिकटवून उपयोग नाही.

अरण्यात इस्राएली लोकांना मान्ना मिळत असे तोही त्या दिवसापुरताच. हावेने साठवून ठेवला त्यात किडे पडले. पण प्रत्येकाला पुरेसे मिळाले, कुणाला उपाशी ठेवले नाही. रोजच्या भाकरीसाठी आपण प्रार्थना करतो तेव्हा हेच मागतो : आजच्यापुरते आणि पुरेसे.

चाळीस दिवसांसाठी काही सूचना

1. भूक नसताना माप ठरवा. ही युक्ती संत इग्नेशियसचीच आहे. जेवण झाल्यावर, पोट शांत असताना, पुढच्या जेवणात किती घ्यायचे ते ठरवून ठेवावे. भूक लागल्यावर निर्णय घेतला की भूकच निर्णय घेते.

2. अर्धे ताट भाजी व कोशिंबीर, पाव ताट भात किंवा भाकरी, आणि उरलेले पाव डाळ, मासळी, अंडे वा चिकन. भाताशी भांडण नको, तो वाटीने मोजून घ्यावा. मासळी रोज तळण्यापेक्षा कालवण करावे.

3. चहातील साखर मोजा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे तीसहून अधिक ग्रॅम. वरची साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. थंड पेयाच्या एका छोट्या बाटलीतच तीसेक ग्रॅम साखर असते.

4. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, याहून वेगाने वजन उतरवू नये. 80 किलोच्या माणसाने चार किलो कमी केले तरी रक्तदाब व साखरेवर चांगला परिणाम दिसू लागतो. वजन आठवड्यातून एकदाच करा. रोज काट्यावर चढून मन खट्टू करू नका.

5. आठवड्यात किमान 150 मिनिटे झपझप चाला, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. रोझरीची एक माळ साधारण वीस मिनिटांत होते. ती चालताना म्हणता येईल. स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा थोडे ताकदीचे काम करावे : खुर्चीतून हात न टेकता उठबस करणे, वाडीत कुदळ मारणे. वाडी असलेल्यांनी जिमची फी भरण्याआधी वाडीकडे एकदा बघावे!

6. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. वजन कमी होऊ लागले की औषधाचे प्रमाणही बदलावे लागते, ते स्वतःच्या मनाने बदलू नये. वजन कमी करणारी नवी इंजेक्शने 2025 पासून आपल्याकडेही मिळू लागली आहेत. काहींना ती खरोखर उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. जाहिरातीतील चूर्णे आणि पावडरी यांपासून दूर राहा. काहीही न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका, तपासणी करून घ्या.

जिभेचाही उपवास

लग्नाच्या मांडवात "किती जाडी झालीस ग!" असे आपण सहज बोलून जातो. ते ऐकणारी मुलगी रात्री जेवत नाही. काही मुली जेवण लपवून टाकून देतात, काही खाऊन मुद्दाम ओकतात. आयांनो, असे काही जाणवले तर रागावू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिला डॉक्टरांकडे न्या. या प्रायश्चित्तकाळात कोणाच्याही शरीरावर शेरा मारायचा नाही, एवढा उपवास सर्वांना जमण्यासारखा आहे. त्यात वयाची अट नाही.

बंधू-भगिनींनो, फक्त कंबर बारीक व्हावी म्हणून सोडलेले जेवण हे डाएट आहे. प्रार्थना आणि दानधर्म यांची जोड मिळाली की त्याचा उपवास होतो. श्रीमंताच्या दाराशी लाजर उपाशी होता, हे विसरू नका. न घेतलेल्या थंड पेयाचे, न मागवलेल्या बिर्याणीचे पैसे एका डब्यात टाका आणि पवित्र आठवड्यात तो डबा गरिबांसाठी चर्चमध्ये आणा. रविवारी मात्र आनंदाने जेवा. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आहे आणि आपला प्रभूही लोकांच्या पंगतीला बसत असे.

चला, प्रार्थना करू या : हे प्रभो, तू दिलेल्या शरीराबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्याचे लाड करण्यापासून आणि त्याचे हाल करण्यापासून आम्हाला वाचव. आमच्या ताटात पुरेसे असू दे, आणि शेजाऱ्याच्या ताटातही. आमेन.

आपला प्रभुसेवक,
तुमचे फादर