कोण येत नाही?

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालाच्या हाती पहिल्या आठवड्यात दाखल नोंदवही येते, चाव्यांचा जुडगा येतो आणि ‘नॅकच्या फायली तेवढ्या बघून घ्या’ अशी सूचना येते. वाचनकक्षात रोज कितीजण बसले, ते दारातल्या रजिस्टरवरून कळतं. कोण कधीच येत नाही, ते कळायला प्रवेशाची यादी देवघेवीच्या नोंदींशी ताडून पाहावी लागते. हे काम कुणी सांगत नाही. सर्वसमावेशक ग्रंथालयाची सुरुवात मला तरी तिथे दिसते.

विचार जुनाच आहे. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा गणित शिकवणाऱ्या या माणसाला ते काम इतकं कंटाळवाणं वाटलं की पुन्हा शिकवायला जाण्यासाठी त्यांनी खटपट केली. इंग्लंडमधली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिल्यावर त्यांचं मन पालटलं. १९३१ सालच्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे दुसरं सूत्र आपण नेट-सेटपुरतं पाठ करतो. ते समजावताना रंगनाथन स्त्रियांबद्दल, खेड्यातल्या वाचकांबद्दल, अंधांबद्दल लिहितात, तिकडे सहसा कुणी वळत नाही.

समजा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक अंध मुलगी आहे. ग्रंथालयात संगणक आहे, त्यावर एनव्हीडीए हे फुकट मिळणारं स्क्रीन रीडरही आहे. ती समाजशास्त्राच्या नोट्स उघडते आणि यंत्र रोमन अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं वाचत सुटतं. नोट्स युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना सुबक देवनागरी दिसते, पण यंत्राच्या लेखी तिथे मराठी नसतेच. जुन्या प्रश्नपत्रिका स्कॅन केलेल्या, म्हणजे निव्वळ फोटो. तिथे यंत्र गप्पच. कायदा आड येत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी असं रूपांतर करायला मोकळीक देतो आणि मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच, २०१४ साली. अडतं ते फाँट बदलून, फुटलेली जोडाक्षरं जुळवत बसणारं माणूस नसल्यामुळे. वीस पानांना अख्खी दुपार जाते. या दुपारीचा फोटो अहवालात येत नाही; रॅम्पचा येतो. तो रॅम्प कित्येकदा तळमजल्यावर संपतो आणि ग्रंथालय असतं पहिल्या मजल्यावर!

कपाटांचा प्रश्न अधिक नाजूक. अनेक ठिकाणी ‘दलित साहित्य’ अशी चिठ्ठी लावलेलं वेगळं कपाट असतं. हेतू चांगलाच असतो, पुस्तकं चटकन सापडावीत. पण त्या कपाटाशी उभं राहणं म्हणजे चारचौघांत आपली ओळख सांगणं, असं एखाद्या मुलाला वाटू शकतं, आणि इतरांना तिकडे फिरकायचं कारणच उरत नाही. माझ्या मते ‘बलुतं’ आत्मचरित्रांतच असावं, बाकीच्या आत्मचरित्रांना खेटून. पुस्तक फडताळात एकाच जागी बसतं, पण ओपॅकमध्ये त्याला विषयशीर्षकं हवी तेवढी देता येतात. ड्युईच्या वर्गीकरणात तर ख्रिस्ती धर्माला २२० ते २८० अशी ऐसपैस जागा आणि बौद्ध, हिंदू, इस्लाम सगळे २९० मध्ये दाटीवाटीने. वर्गांक बदलणं आपल्या हातात नाही, शीर्षकं आहेत.

अनामत, दंड, बंद होण्याची वेळ हे विषय ग्रंथालय समितीचे. शेवटची एसटी पकडणाऱ्या मुलींना सायंकाळच्या वाचनकक्षाचा उपयोग नाही, हे नवख्याने तिथे जरूर मांडावं, पण निर्णय लगेच होईल अशी आशा धरू नये. त्यातून नवखा बहुधा कंत्राटी. वर्षभरात तो दुसरीकडे गेला की युनिकोडमध्ये आणलेल्या फायली त्याच्या पेनड्राइव्हबरोबर जातात आणि पुढचा माणूस तेच बाड पुन्हा टाइप करायला घेतो. म्हणून त्या पहिल्या दिवसापासून महाविद्यालयाच्या सर्व्हरवर असाव्यात, पुस्तकांसारख्याच रीतसर नोंदवलेल्या.