घुंगरू आधी काढ

बस इथं. आणि ते घुंगरू आधी काढ, आज वाजवण्यासारखं काही उरलं नाहीये.

काल गॅदरिंगला मागच्या रांगेत होते मी. बारा पोरी, बारा नऊवाऱ्या, आणि सम एकीच्याही पायात नाही! ढोलकी समेवर आली तेव्हा निम्म्या गिरकीत होत्या, निम्म्या तुझ्याकडे बघत होत्या. आणि तू विंगेतून फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट ओरडतेस? तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर टाळी देत म्हणवून घ्यायला सहा महिने घातले होते मी तुझ्यावर. नवव्या मात्रेची खाली चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ते सगळं कुठं सांडून आलीस?

दहाच दिवस दिले होते म्हणे. माहितीये. गॅदरिंगची तारीख लागली की मगच कॉलेजांना नाच आठवतो. पण दहा दिवसांत होणार नाही, हे सांगायला तोंड होतं ना तुला? मानधनाचा आकडा ऐकलास आणि मान डोलावलीस.

बरं, लावणी बसवलीस तीही मोबाइलवर बघून. सोलापुरात राहून! शाहीर राम जोशी याच गावचे गं. मोडनिंबची कला केंद्रं आपल्याच जिल्ह्यात. बैठकीची लावणी बसल्या जागी, नुसत्या नजरेनं आणि बोटांनी कशी रंगते, ते बघायला एकदा तरी गेलीस? तुझ्या पोरींच्या कमरा हलत होत्या, चेहरे मात्र हजेरी द्यायला उभ्या असल्यासारखे.

आणि तो जुळे सोलापुरातला क्लास. उघड्या फरशीवर सहा-सात वर्षांची लेकरं तासभर उड्या मारतात. एकीची आई परवा माझ्याकडे आली, पोरीची नडगी दुखते म्हणून. अंग तापवून घेत नाहीस, खाली सतरंजीसुद्धा नाही. वर बोर्डावर काय रंगवलंयस? ‘नृत्यगुरू’! गांधर्वच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा. तू प्रवेशिका पूर्ण, म्हणजे तिसरी. मला विशारद होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या दारावर नुसतं आडनाव आहे.

रडू नकोस, वेळ जातो. उद्या सकाळी सहाला ये, मोबाइल घरी ठेवून. त्या बाराजणींनाही आण. त्या बसतील, तत्कार तू करायचा, त्यांच्यासमोर, एकपटीपासून. तबल्याला मी सांगून ठेवलंय. आणि तो बोर्ड आज रात्रीच खरवड.