रिकामी खुर्ची

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील अभिरूप न्यायालय अविवाहित शिक्षिका लीला बेणारे हिचा गर्भ नष्ट करण्याचा निकाल देते. त्या गर्भाचा पिता, विवाहित प्रा. दामले, मात्र गैरहजर! टेनेसी विल्यम्सच्या १९४७ च्या अमेरिकन नाटकातही अत्याचार सोसलेली ब्लांश वेड्यांच्या इस्पितळात जाते. अत्याचारी स्टॅन्ली घरातच राहतो. देश दोन, पण पौरुषाची समजूत एकच : जाब तिने द्यावा, त्याने सुटावे. आम्हांस हे पौरुष नव्हे, पलायन वाटते. केलेल्या कृत्याला उत्तर देण्यास उभा राहतो, तोच पुरुष. आम्ही येवलेकर पैठणीही उलटसुलट करून पारखतो; मग माणसाचा न्याय एकाच बाजूने का? गावात एखादीविषयी कुजबुज सुरू झाली, की आपण प्रथम विचारावे : दामले कोठे आहेत?