ऐकलेलं गाणं, बघितलेलं गाणं

आमची आजी गाणं ऐकायची. माझी भाची विचारते, "आत्या, ते नवीन गाणं बघितलंस का?" हे क्रियापद कधी बदललं, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात घोळतो आहे.

खरं तर संगीत नाटकाच्या काळातही गाणं बघितलं जातच होतं. बालगंधर्वांचा शालू, त्यांची उभं राहण्याची ढब आणि गळा या गोष्टी प्रेक्षकांना वेगळ्या काढताच आल्या नसत्या. ती फारकत तबकडीने केली. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत उच्चारलं. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना आवाज कुणाचा ते कळावं म्हणून. समोर बाई नाही, तेव्हा आवाजानेच आपली ओळख सांगायची.

पार्श्वगायनात तीही ओळख गेली. 1949च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. हे मधुबालाच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. कोण गातंय हे, अशी रेडिओकडे श्रोत्यांनी विचारणा सुरू केली, तेव्हा खरं नाव लोकांपर्यंत पोचलं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या श्रोत्यांना नाव हवं होतं. ती दिसते कशी, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

मग 1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, दर आठवड्याला एक याप्रमाणे 56 गाणी. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, असं घरोघरी सांगतात. माणिक वर्मांच्या आवाजातली सीता कुणालाच दिसत नव्हती, म्हणून ती प्रत्येक घरात वेगळी असणार. आजी मेथी निवडता निवडता थांबायची आणि डोळे मिटायची. तिची सीता कशी होती, ते मी तिला कधी विचारलं नाही, याची आता रुखरुख लागते.

2 ऑक्टोबर 1972ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि चेहरा परत आला. पण टीव्हीने गाणं बिघडवलं, हे मला पटत नाही. रेडिओवर तबलजी म्हणजे निवेदनातलं एक नाव होतं. पडद्यावर त्याचा हात दिसला, समेवर येताना गायकाकडे टाकलेली नजर दिसली. तो चेहरा गाण्याच्या मागे, अदबीने बसलेला असायचा.

तो पुढे आला स्पर्धांमध्ये. 'इंडियन आयडॉल'चं पहिलं पर्व अभिजीत सावंतने जिंकलं, ते लोकांनी पाठवलेल्या मतांवर. आता मत द्यायचं म्हणजे माणूस आपलासा वाटायला हवा. त्याचं गाव, त्याची आई, घरची परिस्थिती कळायला हवी. गाण्याआधी गोष्ट आली. 'लिटिल चॅम्प्स'मधल्या कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि रोहित यांना आम्ही घरातल्या मुलांसारखं पहिल्या नावाने हाक मारायचो. एकदा कार्तिकी अभंग गात होती. प्रेक्षकांतले भरून आलेले चेहरे दिसले आणि आमचेही डोळे भरले. ते सुरामुळे की त्या चेहऱ्यांमुळे, मला आजही सांगता येणार नाही. आजीने मात्र टीव्हीसमोर बसूनही डोळे मिटले होते. "आळंदीच्या वाटेवरचा आवाज आहे पोरीचा," एवढंच ती म्हणाली.

परवा लोकलमध्ये भाचीने मोबाइल पुढे केला. इअरफोन घरी राहिले होते, म्हणून आवाज बंद. "बघ ना, किती मस्त गाते!" एक मुलगी गात होती. ओठ हलत होते, हात हवेत फिरत होता, खाली शब्द उमटत होते. भाचीच्या डोळ्यांतलं कौतुक खरं होतं, त्या मुलीचे हजार व्हिडिओ तिने ऐकलेत. मी "हो गं" म्हटलं आणि तिला ते गाणं मला पाठवायला सांगितलं.

घरी आल्यावर मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि आवाज वाढवला. त्या मुलीच्या मागे कुठेतरी तंबोरा लागलेला होता. लोकलमध्ये तो दिसला नव्हता.