निरीक्षक घडवायचा कुठे?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कपाशीवर फवारा मारणारे मजूर भरती होऊ लागले. कुणाला उलट्या, कुणाच्या अंगाची थरथर, कुणाला डोळ्यांपुढे सगळं अंधुक. राज्याला याची दखल घ्यावी लागली ती सप्टेंबर सरता सरता. तोवर रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली होती. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शासनाने मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. नोव्हेंबरात यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. नोव्हेंबर म्हणजे बोंडं फुटून वेचणी सुरू झालेली असते. फवारणीचा भर ओसरल्यावर फवारणीचं औषध बंद झालं.

या उशिराचं खापर तेव्हा ज्याच्या त्याच्या डोक्यावर फोडून झालं. कुणी मजुराला निष्काळजी म्हटलं, कुणी कृषी केंद्राच्या मालकाला लोभी, कुणी अधिकाऱ्याला झोपलेला. मला यातलं शेवटचं निदान विशेष अपुरं वाटतं. अधिकारी झोपला होता असं म्हटलं की त्याला निलंबित करून विषय मिटतो. तो जागा असता तरी त्याने नेमकं काय पाहायचं, कुणाला विचारायचं आणि कुठे लिहायचं हे त्याला कुणी हाताला धरून शिकवलं होतं का, हा प्रश्न त्यात राहूनच जातो. कायदा अंमलात आणणं हाही एक हुन्नर आहे. गवंड्याला, वायरमनला, परिचारिकेला तो शिकवावा लागतो हे आपण मान्य करतो. निरीक्षकाला मात्र नेमणुकीचा आदेश मिळाला की हुन्नर आपोआप आला असं आपण धरून चालतो.

कायद्यात काय आहे ते आधी पाहू. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरहून अधिक माणसं मेली. जहाजात अन्न आणि विष शेजारी शेजारी ठेवलं होतं. त्यानंतर चौकशी झाली आणि दहा वर्षांनी, 1968 मध्ये, कीटकनाशक कायदा आला. म्हणजे या कायद्याचा जन्मच विषबाधेतून झालेला आहे. त्याचं कलम 26 राज्य सरकारला अधिकार देतं की ठरावीक लोकांनी, म्हणजे डॉक्टरांनी किंवा आणखी कुणी, कीटकनाशकाच्या विषबाधेची प्रत्येक घटना नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवलीच पाहिजे असं राजपत्रात जाहीर करावं. त्याला लागूनच कलम 27 आहे. अशी माहिती आली आणि लोकांच्या जिवाला धोका दिसला की चौकशी होईपर्यंत साठ दिवस विक्री थांबवता येते. नोव्हेंबरातल्या बंदीचे साठ दिवस इथलेच. 26 ने कळवायचं आणि 27 ने थांबवायचं. पहिल्या दहा-वीस रुग्णांची खबर ऑगस्टातच नीट नोंदली जाऊन वर गेली असती, तर दुसऱ्या कलमाला हंगाम संपायची वाट पाहावी लागली नसती. तपास पथकानेही यंत्रणेच्या या ढिलाईवर बोट ठेवलं.

आता निरीक्षक. कायद्यानुसार कीटकनाशक निरीक्षक होण्यासाठी शेतीची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी लागते. जिल्ह्यात हे काम तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीतले आणि जिल्हा परिषदेतले कृषी अधिकारी, गुणनियंत्रणाचे निरीक्षक यांच्याकडे असतं. पण हे त्यांच्या अनेक कामांतलं एक काम. पीक विम्याची भांडणं, अतिवृष्टीचे पंचनामे, योजनांचे अर्ज, मंत्र्यांचा दौरा, या सगळ्यातून वेळ उरला की दुकानाची तपासणी. खालच्या पायरीवर कृषी सहायक. तो वावरात सगळ्यांत जास्त फिरतो, पण निरीक्षकाचे अधिकार त्याच्याकडे नसतात.

निरीक्षकाला जे शिकवलं जातं त्याचा बराचसा भाग बाटलीभोवती फिरतो. परवाना भिंतीवर लावलाय का, साठा नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा जुळतो का, मुदतबाह्य माल वेगळा ठेवलाय का, पक्कं बिल देतात का, नमुना अप्रमाणित निघतो का. हे क्षुल्लक नाही, हेही नीट करायला कसब लागतं. नमुना घेण्याचंच बघा. सीलबंद डबे निवडायचे, किंमत देऊन पावती घ्यायची, पंचांसमोर नमुन्याचे तीन भाग करायचे. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला (आपल्याकडे अमरावतीला), एक न्यायालयासाठी. प्रत्येक भागाला लाखेचं सील, चिठ्ठीवर बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, सह्या. अहवाल मान्य नसेल तर समोरच्याला अठ्ठावीस दिवसांत तसं कळवून केंद्रीय प्रयोगशाळेकडून फेरतपासणी मागता येते. इथेच गोम आहे. मुदत संपत आलेल्या मालाचा नमुना घेतला आणि खटला रेंगाळला, तर फेरतपासणीचा हक्क निरर्थक होतो. हरियाणातल्या अशाच एका खटल्यात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची बाजू उचलून धरली, कारण त्याचा नमुना पुन्हा तपासायची वेळ आली तेव्हा मुदत उलटून गेली होती. तेव्हा तारीख वाचून, दिवस मोजून नमुना उचलायचा असतो, हे निरीक्षकाला कोर्टात हरल्यावर कळून उपयोग नाही.

पण यवतमाळला 2017 मध्ये जे घडलं ते या सगळ्या तपासणीच्या जाळ्यातून आरपार निघून गेलं असतं. ज्या पाच उत्पादनांवर बंदी आली त्यांत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण होतं, मोनोक्रोटोफॉस होतं, डायफेंथियुरॉन होतं, ॲसिफेट होतं, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण होतं. ही सगळी तेव्हा नोंदणीकृत रसायनं होती. बाटली प्रमाणित, परवाना चालू, बिल पक्कं, आणि तरी माणूस अत्यवस्थ.

कारण विष बाटलीतून माणसाच्या अंगात जातं ते वावरात. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच आणि दाट झाली होती. गुलाबी बोंडअळीने घात केला होता, चोर बीटीचं, म्हणजे बेकायदा, बियाणं जिकडेतिकडे होतं, आणि अळी मरेना म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायचा धडाका होता. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप, बॅटरीवर चालणारा, त्यामुळे फवारा लांब आणि बारीक. एरवी कमरेइतक्या झाडावर वरून पडणारं औषध डोक्याइतक्या झाडावरून तोंडावर परत येत होतं. झाकणाने अंदाजे माप, बादलीत काठीने किंवा थेट हाताने ढवळणं, पंपाच्या झाकणातून पाझरून ओला झालेला पाठीवरचा शर्ट, त्याच शर्टावर संध्याकाळपर्यंत काम. रोज मिळतो तो दिवसाने किंवा पंपामागे. पंपामागे मिळत असेल तर थांबणं परवडत नाही. हे सगळं दुकानाच्या काउंटरवर उभं राहून दिसत नाही. बाटलीच्या लेबलवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. आतलं घडीचं पत्रक तर इतक्या बारीक अक्षरात असतं की चष्म्याविना मलाही वाचवत नाही. पारधी बेड्यावरचा किंवा कोलाम पोडावरचा मजूर ते कसं वाचणार? बाटली बहुतेक वेळा मालकाच्या घरीच राहते. वावरात येतं ते बादलीतलं पाणी.

म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या निरीक्षकाचं प्रशिक्षण बाटलीपाशी थांबता कामा नये. त्याला विषबाधा झालेला माणूस ओळखता आला पाहिजे. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही. त्यावर ॲट्रोपिन चालतं, आणि रक्तातल्या कोलिनेस्टरेजवरून विषाचा अंदाज येतो. मिश्रणात दुसऱ्या जातीचं रसायन असेल तर नेमका उतारा नसतोही. अशा वेळी डॉक्टरला सगळ्यांत मोठी मदत होते ती, काय काय मिसळलं होतं ही माहिती कुणी वेळेत आणून दिली तर. ती आणण्याचं काम निरीक्षकाचं. बाटली मालकाच्या घरून किंवा वावराच्या धुऱ्यावरून उचलायची, बॅच क्रमांक लिहायचा, दुकानातल्या बिलाशी जोडायचा आणि रुग्णाच्या कागदाला लावायचा.

कॅलिफोर्नियात डॉक्टरला कीटकनाशकाच्या विषबाधेची शंका आली तरी चोवीस तासांत आरोग्य अधिकाऱ्याला कळवावं लागतं. तिथून ती खबर काउंटीच्या कृषी आयुक्ताकडे जाते आणि त्याचा निरीक्षक चौकशीला बाहेर पडतो. या निरीक्षकाने परीक्षा देऊन परवाना मिळवलेला असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट नियमित हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी तिथे 1970 च्या दशकापासून बंधनकारक आहे. श्रीमंत राज्याची गोष्ट म्हणून ती सोडून द्यायचं कारण नाही. चोवीस तासांत एक फोन करायला पैसा लागत नाही. कुणाला करायचा ते ठरलेलं असावं लागतं.

आपल्याकडे प्रशिक्षण अजिबात नाही असंही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत निरीक्षकांचे वर्ग होतात, नागपूरला वनामती आहे. दुकानदारासाठी वर्षभराची 'देसी' पदविका आहे. ज्यांच्याकडे पदवी नव्हती अशा जुन्या परवानाधारकांसाठी बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आला. ड्रोन उडवणाऱ्या बचत गटाच्या ताईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्यातले दहा दिवस शेतीतल्या फवारणीसाठी. हे चांगलंच आहे. पण या रांगेत पाठीवर पंप घेतलेला मजूर कुठे आहे? 1971 च्या नियमांतला 42 वा नियम उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणाऱ्यांनी कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं असं स्पष्ट सांगतो. अर्ध्या शतकापूर्वीचा हा नियम पाळला गेला का, हे तपासायला कोणता निरीक्षक कधी गेला? तपासणीच्या नमुन्यात तो रकानाच नसेल तर तो तरी काय करणार.

संरक्षक किटचं वाटप हा 2017 नंतरचा सोपा उपाय झाला. ऑगस्टच्या दमट उकाड्यात प्लास्टिकचा ॲप्रन आणि मास्क घालून दिवसभर चालून पाहावं म्हणजे मजूर ते का काढून ठेवतो ते कळेल. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या आचारसंहितेतही हेच म्हटलं आहे: ज्या कीटकनाशकांना त्रासदायक किंवा महाग संरक्षक साधनं लागतात, ती उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या हाती देणं टाळावं. किट घातलं नाही म्हणून मजुराला दोष देणारा निरीक्षक आणि हे औषध इथे विकणं धोक्याचं आहे असा अहवाल वर पाठवणारा निरीक्षक, यांतला दुसरा आपल्याला हवा आहे.

नोंदीचं मोल किती असतं हे पुढे दिसलं. सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली, पुढे बाझेलला दिवाणी दावाही गेला. कंपनीने जबाबदारी नाकारली. निकाल काय लागायचा तो लागो, पण त्या तक्रारीचा मोठा आधार होता पोलिसांनी केलेल्या नोंदींचा: कोणत्या माणसाने कोणतं औषध वापरलं होतं. ज्यांच्या कागदावर औषधाचं नाव नुसतं 'कीटकनाशक' एवढंच लिहिलं गेलं असेल, त्यांना कुठल्याच कोर्टाची पायरी चढता येत नाही.

हे शिक्षण यवतमाळातच व्हावं आणि मे महिन्यात व्हावं. पेरणीआधी, बदल्या झाल्यावर. सोळा तालुक्यांचे निरीक्षक आणि त्यांच्याबरोबर कृषी सहायक, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आशाताई आणि पोलीस पाटील. दोन आठवडे पुरेत, पण सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून संपणारे नकोत. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी जुने केसपेपर नावं झाकून समोर ठेवावेत आणि कुठल्या रुग्णापाशी धोक्याची घंटा वाजायला हवी होती ते निरीक्षकांना शोधायला लावावं. कृषी विज्ञान केंद्राच्या वावरात प्रत्येकाने रंगीत पाणी भरलेला पंप पाठीवर घेऊन एकरभर फिरावं, मग पांढऱ्या शर्टावर रंग कुठे कुठे आला ते बघावं. अमरावतीच्या प्रयोगशाळेत एक दिवस जाऊन नमुना कोणत्या चुकीमुळे परत येतो ते विचारावं. शेवटी सरकारी वकिलाने प्रत्येकाची उलटतपासणी घ्यावी: पंच कोण होते, सील कुणी लावलं, मुदत कधी संपत होती. जो यात टिकेल त्यालाच निरीक्षकाचं ओळखपत्र मिळावं. कृषी सहायकाला निदान कलम 26 ची खबर देण्याचा अधिकार आणि एक छापील अर्ज तरी मिळावा. विषबाधा तालुक्याच्या आधी गावात कळते.

खर्चाचा मुद्दा निघेलच. 42 वा नियम कंपन्यांवर जबाबदारी टाकतो, तर पैसा त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. पण तो जिल्ह्याच्या कोषागारात जमा व्हावा आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांत कंपनीचा माणूस नसावा. आज गावोगावच्या शेतकरी मेळाव्यात कोणतं औषध मारावं हे कंपनीचा प्रतिनिधी सांगतो आणि कृषी खात्याचा माणूस त्याच मंचावर बसलेला असतो. ज्याला उद्या त्या कंपनीच्या मालाचा नमुना उचलायचा आहे, त्याने तिच्या खर्चाने जेवून तिच्याच माणसाकडून शिकून यावं, हे चालणार नाही.