टीमच्या नावानं खडे फोडू नकोस

बस. पाणी पी. आणि "सर, माझी टीमच बेकार आहे" हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. गेल्या भेटीत तेच, फोनवर तेच, आज पुन्हा तेच. टीम लीड झालास तेव्हा पेढे घेऊन आला होतास. तेव्हा हीच माणसं होती ना? मग आजच कशी बिघडली?

बेकार माणसं कशाला म्हणतात, ऐक. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार दारू पिऊन शिफ्टला यायचे. मुद्दाम गाड्यांत खोड्या करून ठेवायचे. दर पाचातला एक गैरहजर. १९८२ मध्ये कंपनीनं टाळं ठोकलं. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत 'न्यूमी' या नावानं तोच कारखाना पुन्हा उघडला. नवी माणसं भरली असतील, असंच वाटलं ना तुला? सुरुवातीला घेतलेल्यांत ८५ टक्क्यांच्या आसपास जुनेच कामगार होते. युनियनही तीच. आणि गैरहजेरी २० टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आली.

बदललं काय? तुकड्या छोट्या केल्या. तुकडीप्रमुखांना जपानला नेऊन टोयोटाच्या लाइनवर उभं केलं. आणि लाइनच्या कडेनं एक दोरी बांधली. बोल्ट तिरका बसला, हात मागे पडला, की दोरी ओढायची. वर दिवा लागतो, तुकडीप्रमुख धावत येतो, काय अडलं ते विचारतो, हात लावतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत निस्तरलं तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. याच छपराखाली आधी लाइन थांबवणं हे पाप होतं. दोष डोळ्यांना दिसत असला तरी गाडी पुढे ढकलायची.

आता तुझ्याकडे ये. तुझ्याकडे कुणी दोरी ओढली तर काय होतं? त्या नव्या मुलीनं तुला वेळेत सांगितलं होतं की सप्लायरचा पार्ट मापात बसत नाहीये. तूच मला सांगितलंस हे. तू तिला काय म्हणालास? "प्रॉब्लेम घेऊन येऊ नकोस, सोल्यूशन घेऊन ये." झालं. पुन्हा तिनं तोंड उघडलं नाही. माल परत आला तेव्हा मात्र तिच्या नावानं ईमेल ठोकलास. साहेबांना सीसीत ठेवून! आणि वर मलाच विचारतोस, कुणी पुढाकार का घेत नाही म्हणून?

"आमच्याकडे भांडणं नाहीत, सर. मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात." म्हणणारच. हाताची घडी, तोंडावर बोट. पहिलीचा वर्ग भरवलायस तू. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या तुकड्या तपासल्या. चांगल्या तुकड्यांत औषधं देण्याच्या चुका कमी सापडतील, असा त्यांचा अंदाज होता. नोंदी निघाल्या जास्त. का? तिथल्या नर्स झालेली चूक उघड सांगत होत्या. बाकीच्या दडवत होत्या. तुझ्या रजिस्टरात महिनोन् महिने चुका शून्य. छाती फुगवून दाखवतोस. मला त्या शून्याची भीती वाटते.

आणि "अजून दोन माणसं द्या" ही कुठली पळवाट? रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर यायचा. कुणी काय करायचं हे आहे त्या लोकांना तू धड सांगितलेलं नाहीस. नवे दोघे येऊन काय करतील? तुझ्या त्या लोणावळ्याच्या आउटिंगबद्दल आणि एका रंगाच्या टी-शर्टांबद्दल तर मी बोलतच नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे, आणि तुला ते ठाऊक आहे. साहेबांनी अशक्य तारीख दिली तेव्हा तू काय केलंस? मान डोलावलीस. खाली उतरून टपरीवर चहा पीत साहेबांना नावं ठेवलीस. तू वर मूग गिळून बसतोस, मग खालच्यांनी तुझ्यासमोर का बोलावं? वरचे बदलले नाहीत की काय होतं, तेही ऐक. जनरल मोटर्सनं न्यूमीचे धडे लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला. पण मॅनेजरांनी जुना खाक्या सोडला नाही. १९९२ मध्ये तोही बंद पडला.

वर्गात मला मधेच अडवून "सर, हे पटत नाही" म्हणणारा मुलगा तू होतास. चाळीस पोरांसमोर. तेव्हा मी "गप बस" म्हणालो असतो तर पुन्हा हात वर केला असतास? कुणाला सांगतोयस मग, की माणसं बोलत का नाहीत ते कळत नाही?

सोमवारी मीटिंग आहे ना? पहिलं वाक्य तुझं. ती तारीख झेपणार नाही हे ठाऊक असून मी बोललो नाही, असं सांग. त्या मुलीची माफी माग. सगळ्यांसमोर. तुझा ईमेल साहेबांपर्यंत गेला होता, मग माफी कोपऱ्यात उरकायची नाही. मग साहेबांच्या केबिनमध्ये जा आणि खरी तारीख दे. चिडतील. चिडू देत. हे सगळं करून झालं की मला फोन कर. त्याआधी नको.