बारा स्नेह्यांची भीड

भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. म्हणतो खरे, पण ज्याला कुणाचीच भीड वाटत नाही असा माणूस शेजारी राहायला आला तर तोही आपल्याला नको असतो. तेव्हा भीड चांगली केव्हा आणि वाईट केव्हा, याचा निवाडा म्हणीने होत नाही. या प्रश्नाचा एक बोलका दाखला मला पुराणात नव्हे, संगणकाच्या इतिहासात सापडला. संगणकाचे नाव ऐकून पान उलटू नका. फराळाचे ताट पुढ्यात असलेल्या माणसाला समजेल एवढेच सांगणार आहे.

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन नावाचे गृहस्थ काम करीत असत. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन चरफडत त्यांच्या खोलीत आले. एक चूक शोधण्यात त्यांची सारी सकाळ गेली होती आणि ती चूक तर त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती! दुरुस्ती कागदावर झाली, पण ती यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायची राहिली. यंत्र आपले जुन्यावरच चालले होते. आदल्याच रात्री फेल्डमनसाहेबांवरही हाच प्रसंग गुदरलेला. त्या शनिवार-रविवारी त्यांनी एक साधन तयार केले. त्याचे नाव ‘मेक’.

मेकचे काम आपल्या स्वयंपाकघरात रोज चालते. भाजणी बदलली तर चकल्या पुन्हा कराव्या लागतात, करंज्यांना त्यामुळे धक्का लागत नाही. काय कशापासून होते आणि ते कसे करायचे, हे एका फाइलीत लिहून ठेवायचे. मेक ती फाइल वाचते आणि जेवढे शिळे झाले असेल तेवढेच ताजे करते. कल्पना इतकी सोपी की आजही जगभर ती वापरात आहे.

आता गंमत पाहा. या फाइलीत कृतीची ओळ सुरू करताना आधी टॅब द्यावा लागतो. टंकलेखनयंत्रावर ओळ आत सरकवण्याची जी कळ असते, तीच ही. टॅबऐवजी तुम्ही नुसत्या मोकळ्या जागा सोडल्या तर डोळ्यांना दोन्ही ओळी अगदी सारख्या दिसतात, पण मेक अडून बसते. ‘विभाजक नाही’ एवढे पुटपुटते आणि थांबते. पुढे पन्नास वर्षे नवशिके लोक या न दिसणाऱ्या खुणेपायी कपाळ बडवीत आले आहेत.

असे का केले, हे फेल्डमन यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. फाइल वाचण्यासाठी एक अगदी नवे साधन वापरून पाहावे म्हणून ते गेले आणि त्यात गुरफटले. मग ओळीच्या आरंभी टॅब, ही सोपी युक्ती त्यांनी योजली. ती चालली, म्हणून राहिली. काही आठवड्यांनी ती खटकली, पण तोवर मेक वापरणारी डझनभर माणसे झाली होती, बहुतेक स्नेहीच. त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली.

बारा स्नेह्यांची भीड! मी असतो तर? मलाही ती पडली असती. तरी मला वाटते, ती मोडायला हवी होती. त्या बाराजणांनी एक संध्याकाळ कुरकुर केली असती, फायली दुरुस्त केल्या असत्या आणि प्रकरण संपले असते. अडचण अशी की भीड पडते ती दिसणाऱ्या माणसाची. पुढे येणारे लाखो लोक त्या खोलीत नव्हते. त्यांना चेहरा नव्हता, आवाज नव्हता.

या गैरहजर माणसांचा वकील म्हणजे परीक्षक, असे मी म्हणेन. साधन तयार झाले की तो मुद्दाम तऱ्हेवाईक फायली लिहितो. रिकामी फाइल, अर्धवट तुटलेली ओळ, ‘दिवाळी अंक’ असे मध्ये जागा सोडलेले नाव, हे सारे तो साधनापुढे धरतो. करणाऱ्याला तो खोडसाळ वाटतो. शहाणा माणूस असले कधी लिहील का, असे तो म्हणतो. पण १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर दूरध्वनीच्या तारेवरून संगणकावर काम करीत असता बाहेर वादळ झाले, तारेतल्या खरखरीने मजकुरात भलतीच अक्षरे घुसली आणि चांगली चांगली साधने कोसळू लागली. मग त्यांनी विद्यार्थ्यांकडून मुद्दाम असला वेडावाकडा मजकूर साधनांना चारविला. तपासलेल्यांपैकी चतुर्थांशाच्या आसपास साधने कोसळली किंवा अडकून पडली. वादळाला शहाणपणाशी काय कर्तव्य?

कोसळणे मात्र मला मोठे पाप वाटत नाही. वर्गात ‘प्रश्न कळला नाही’ म्हणणारा मुलगा परवडतो. भलताच प्रश्न समजून सुवाच्य अक्षरात दोन पाने लिहिणारा परवडत नाही. मेकमध्ये डॉलरचे चिन्ह काढून पुढे एच-ओ-एम-ई अशी चार अक्षरे लिहा. ते पहिलेच अक्षर नाव म्हणून उचलते, त्या नावाचे काही न सापडल्यास तिथे शून्य धरते आणि उरलेली तीन अक्षरे खुशाल पुढे पाठवते. आपण होऊन तक्रार करीत नाही. ‘दिवाळी अंक’ हे नावही त्याला एक वाटत नाही. दिवाळी निराळी आणि अंक निराळा.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २००१ च्या नोव्हेंबरात ॲपल कंपनीने आयट्यून्सची दुसरी आवृत्ती काढली. ती संगणकावर बसवून देणाऱ्या हुकूमनाम्यात एक नाव अवतरणचिन्हांत घालायचे राहिले होते. ते मेकचे काम नव्हते, पण दुखणे तेच. डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या कित्येकांचा मजकूर त्याने निमूटपणे पुसून टाकला. कंपनीने घाईने सुधारलेली आवृत्ती दिली. ज्यांचे काम गेले त्यांचे गेले. त्यांचा दोष एवढाच की नाव ठेवताना त्यांनी एक जागा सोडली.

आता परीक्षकाला असला दोष सापडला, तर तो दुरुस्त करावा काय? इथे भीड पुन्हा दार ठोठावते आणि आता ती बाराजणांची नसते. त्या दोषावर विसंबून कुणी तरी, कुठे तरी, चालत्या कामाची इमारत उभी केलेली असते. टॅब तर आता प्रमाणग्रंथातच जाऊन बसला आहे. तो काढणे म्हणजे लाखो फायली मोडणे. १९७६ साली जे भिडस्तपणाचे होते, ते आता निव्वळ न्यायाचे झाले आहे.

मग मधला मार्ग काय? ग्नू मेक ही मेकची जी आवृत्ती पुष्कळ वापरली जाते, तिच्या कर्त्यांनी २०१० साली एक सोय केली: ज्याला टॅब नको असेल त्याने आपल्या फाइलीत दुसरी खूण नेमून घ्यावी, जुन्यांना हात लावायचा नाही. याहून मला आवडते ती एक लहानशी गोष्ट. ओळीच्या आरंभी टॅबऐवजी आठ मोकळ्या जागा दिसल्या, तर ते आता नुसते अडून बसत नाही. ‘या आठ जागांऐवजी तुम्हाला टॅब द्यायचा होता काय?’ असे विचारते.

सात जागा सोडल्या तर मात्र अजून विचारीत नाही.